कथामाला ओवणारे किटेलसाहेब

उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात आणि प्रत्येक बोलण्यानंतर एक गीत गाइले जाते, ही रीत आमच्या बहुतेक मंडळ्यांत आहे. काही वर्षांमागे अशाच एका उपासनेस आम्ही हजर होतो. मंडळीचे नाव सांगत नाही, कारण हा दोष त्या एकाच मंडळीचा नव्हे. प्रत्येक वक्त्याने आपापल्या आवडीचे गीत निवडून आणले होते. चौथ्या उद्गारावर बोलणाऱ्या बंधूंनी फार मनापासून विवेचन केले. देवाने टाकून दिल्याच्या त्या आरोळीने मंडळी अगदी स्तब्ध झाली. आणि लागलीच पेटी-ढोलकीवर पुनरुत्थानाच्या विजयाचे गीत सुरू झाले! आमच्या पुढच्या बाकावरील एका वृद्ध बाईंनी गीतांचे पुस्तक मिटून मांडीवर ठेवले, ते उपासना संपेपर्यंत पुन्हा उघडले नाही. पाचव्या उद्गारापूर्वीच तिसरा दिवस उजाडून गेला होता, आणि त्यानंतर तारणाऱ्यास पुन्हा तहान लागायची होती, पुन्हा मरायचे होते. सातही गीते चांगली होती. पण एकापुढे एक ठेवल्यावर त्यांतून कथा राहिली नाही.

त्या दिवसापासून आम्हाला एका जुन्या मिशनऱ्याची वारंवार आठवण होते. हुबळी-धारवाडात राहणाऱ्या कुणालाही त्यांचे नाव नवे नाही. धारवाडात त्यांच्या नावाची कॉलेजे आहेत, बंगळुरूत त्यांचा पुतळा आहे, तेथील ऑस्टिन टाउन या वस्तीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. कन्नड भाषेचा मोठा कोश करणारे ते रेव्हरंड डॉक्टर फर्डिनंड किटेल. परंतु कोशाच्या कितीतरी आधी, तिशीच्या वयात, या गृहस्थांनी प्रभू येशूचे चरित्र या देशातल्या लोकांना गाता यावे अशा रीतीने पद्यांत गुंफले होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्या पुस्तकाचे नाव कथामाले. मराठीत सांगायचे तर कथांची माळ.

किटेलसाहेबांचा जन्म ७ एप्रिल १८३२ रोजी जर्मनीच्या वायव्य टोकाला, समुद्रकाठच्या पूर्व फ्रिसिया प्रांतातील रेस्टरहाफे या खेड्यात झाला. वडील पाळक होते. औरिख या गावी शाळेत असतानाच मुलाने लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. पुढे वडिलांच्या इच्छेप्रमाणे १८५० साली ते स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी मिशनच्या विद्यालयात दाखल झाले. आपल्याकडे त्या मिशनला बासेल मिशन म्हणतात. कौलांमुळे ते नाव ख्रिस्ती नसलेल्यांच्याही घरावर चढले आहे!

ज्या देशात हा मुलगा वाढला तेथील मंडळ्यांत प्रभूच्या दुःखसहनाची कथा गाऊन सांगण्याची जुनी परंपरा होती. तिचा सर्वांत थोर नमुना म्हणजे बाख या संगीतकाराने १७२७ च्या सुमारास लाइपझिग येथील उत्तम शुक्रवारच्या उपासनेसाठी केलेली मत्तयाच्या शुभवर्तमानावरील रचना. तिचे थोडे वर्णन येथे करतो, कारण गीते निवडणाऱ्यांनी तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एक गायक शुभवर्तमानातील शब्द जसेच्या तसे गात जातो, जणू तो मत्तयच. मध्येच कथा थांबते आणि एखादा एकटा आवाज त्या प्रसंगावर आपले दुःख गातो. मग सर्व मिळून मंडळीतले नेहमीचे साधे स्तोत्र गातात. त्यांत एक चाल अशी आहे की ती पाच वेळा येते. कधी उंच स्वरात, कधी खाली, आणि शेवटची प्रभूने प्राण सोडल्यावर लगेच, अगदी हळू. चाल ओळखीची असल्यामुळे ऐकणारा दर वेळी ती आपल्या मनात म्हणतो, आणि दर वेळी ती जास्त जड झालेली असते. बाखच्या मृत्यूनंतर ही रचना बहुतेक विसरली गेली होती. मेंडेल्सोन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने १८२९ साली बर्लिनमध्ये ती पुन्हा उभी केली. किटेलसाहेबांचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला.

१८५३ साली मिशनने त्यांना हिंदुस्थानात पाठविले. वय एकवीस. बासेल मिशनचे काम मंगळुरास १८३४ त, धारवाडास १८३७ त आणि हुबळीस १८३९ त सुरू झालेले होते. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पेशवाई जाऊन पस्तीस वर्षे झाली होती, तरी सरकारी लिहिणे-वाचणे पुष्कळसे मराठीतून चाले आणि इंग्रज लोक या मुलखाला दक्षिण मराठा प्रदेश म्हणत. बाजारात, शेतात व घरात मात्र भाषा कन्नड. रेल्वे हुबळीला यायला अजून तीसेक वर्षे अवकाश होता. बैलगाडी, घोडा, नाहीतर पाय.

किटेलसाहेबांनी पायच पत्करले. प्रेषित पौलाने सर्वांसाठी सर्व काही होण्याविषयी करिंथकरांस लिहिले आहे. त्याप्रमाणे कन्नड लोकांना आपण कन्नड व्हावे असे त्यांनी मनाशी ठरविले. भाषा शिकायची ती कसून, आणि शिकायची ती लोकांत हिंडून. गावोगाव पायी फिरण्याचा व तेथील लोकांत मिसळण्याचा त्यांचा हा क्रम त्यांच्या काही सहकाऱ्यांना व वरिष्ठांना रुचला नाही. साहेबाने साहेबासारखे राहावे, हा विचार मिशनरी मंडळींतही होता. आम्हाला हे लिहिताना वाईट वाटते, पण ते खरे आहे. शेवटी या तरुणाला गावांतून काढून मंगळुरास छापखान्याच्या कामाकडे वळविण्यात आले. उपदेश करण्याची ज्याला तळमळ, त्याने प्रुफे तपासावीत!

पण देवाची योजना मिशनच्या ठरावांत मावत नाही. १८४१ साली सुरू झालेला मंगळूरचा तो छापखाना हे त्या वेळी कन्नड वाङ्मयाचे माहेरघर बनत होते. हेरमान म्योग्लिंग या वडीलधाऱ्या मिशनऱ्याने तेथे १८४३ साली मंगळूर समाचार हे कन्नडमधील पहिले वर्तमानपत्र काढले होते. शिवाय जुनी कन्नड काव्ये मिळवून ती छापण्याचा मोठा उद्योग चालविला होता. त्यातच १८५० साली हरिदासांची पदे छापली गेली. पुरंदरदास, कनकदास इत्यादींची ही पदे कर्नाटकात घरोघर गातात, जशी आपल्याकडे तुकोबांची व नामदेवांची. ख्रिस्ती मिशनच्या छापखान्यातून वैष्णव भक्तांची पदे बाहेर पडली, याचे आजही अनेकांना नवल वाटते. म्योग्लिंगसाहेबांना नवल वाटले नसावे. ज्या लोकांशी बोलायचे ते काय गातात हे आधी ऐकायला हवे, इतका साधा हिशेब त्यात आहे.

अशा जागी किटेलसाहेब आले, आणि १८६२ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले ते कथामाले. येशू ख्रिस्ताचे चरित्र, कन्नड भाषेत, आणि या देशाच्या गायनाच्या धर्तीवर.

यात विशेष काय झाले हे समजण्यास त्या काळी मिशनच्या मंडळ्यांत गायन कसे होते ते लक्षात घ्यावे. परदेशातून आलेले पाळक आपली स्तोत्रे भाषांतरित करून त्याच परदेशी चालींवर गाववीत. काही भाषांतरे सुंदर होती, काही चाली आपल्या मंडळ्यांच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना आता परके म्हणवत नाही. आम्हीही त्या आवडीने गातो. परंतु जर्मन ओळीत आघात जेथे पडतो तेथे कन्नड शब्दात तो पडत नाही. मराठीतही पडत नाही. शब्द ओढावा लागतो, ऱ्हस्वाचे दीर्घ होते, आणि अर्थ समजण्याआधी चाल पुढे निघून जाते. उपासनेतील एखादे स्तोत्र असे गाऊन भागते. मोठी कथा भागत नाही. कथा सांगायची म्हणजे ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द पहिल्या ऐकण्यातच कळला पाहिजे.

कन्नडमध्ये कथा गाऊन सांगण्यासाठी शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेली साधने होती. त्यांपैकी षट्पदी हे वृत्त मुख्य. नावाप्रमाणे सहा चरण. तिसरा व सहावा चरण इतरांहून लांब. भामिनी षट्पदीत लहान चरणांत चौदा मात्रा, तीन आणि चार अशा आळीपाळीने, आणि लांब चरणांत तेवीस. गाणारा दोन आखूड चरणांत प्रसंग मांडतो, तिसऱ्यात श्वास सोडतो. आपल्याकडे यमक चरणाच्या शेवटी येते. कन्नडमध्ये ते चरणाच्या दुसऱ्या अक्षरात असते, म्हणजे चरण सुरू होताच कान जागा होतो. कुमारव्यासाचे भारत याच भामिनीत आहे आणि निरक्षर माणसेही त्यातले प्रसंग म्हणत असत. षट्पदीचे एकंदर सहा प्रकार सांगतात, कुठला संथ, कुठला धावता. हे सर्व शास्त्र किटेलसाहेबांनी पुढे इतके हस्तगत केले की नागवर्म्याच्या छंदोंबुधी या दहाव्या शतकातील कन्नड छंदःशास्त्राची पहिली महत्त्वाची छापील आवृत्ती १८७५ साली त्यांनीच तयार केली.

आमच्या मराठी वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोमंतकात ख्रिस्तपुराण छापले, तेही ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तायन आरंभिले, ते १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. या रांगेत कथामाले कन्नड बाजूने बसते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याच्या तेहतीस वर्षे आधी एका जर्मन माणसाने शेजारच्या भाषेत तोच रस्ता धरला होता.

कीर्तनाचा विषय निघाला आहे तर थोडे थांबतो, कारण गीतांची माळ कशी ओवतात हे कीर्तनकाराइतके कुणाला ठाऊक नसते. तो उभा राहतो, नमन करतो, मग एक मूळ पद घेतो. पूर्वरंगात त्या पदाचा अर्थ उलगडतो. उत्तररंगात आख्यान लावतो, आणि तेथे त्याच्या हाती ओवी, साकी, आर्या, दिंडी, श्लोक, कटाव अशी अनेक वृत्ते असतात. प्रत्येकाचे काम वेगळे. कथा पुढे न्यायची तर साकी चालते. गर्दी, युद्ध, वादळ असले तर कटाव, एका दमात. आईचे रडे दिंडीत शोभते. दुःखाच्या प्रसंगी कटाव लावणारा कीर्तनकार श्रोत्यांच्या हसण्याचा विषय होईल. आणि सर्वांत मोठी खुबी ही की शेवटी तो पुन्हा मूळ पदावर येतो. सुरुवातीस जे पद नुसते गोड वाटले होते, तेच आता आख्यानाचे सगळे ओझे घेऊन येते. बाखने पाच वेळा फिरवलेली चाल आणि आमच्या कीर्तनकाराचे मूळ पद यांत आम्हाला तरी फार अंतर दिसत नाही.

हुबळी-धारवाडच्या मातीत ही जाण आहेच. कुंदगोळचे सवाई गंधर्व, धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन, हुबळीच्या गंगूबाई हनगल, असे गवई येथे होऊन गेले. मल्लिकार्जुन मन्सूर रागदारीनंतर बसवादी शरणांची वचने गात, आणि तास-दोन तास सुरांत भिजलेल्या श्रोत्याला ती साधी वचने जशी लागत तशी आरंभीच गाइली असती तर लागली नसती. क्रमाचे महत्त्व आहे ते हे.

गेल्या लेंतच्या दिवसांत आम्ही काही शब्बाथशाळा शिक्षक-शिक्षिका एका घरी बसलो आणि सात उद्गारांसाठी सात गीते निवडण्यास पुरी संध्याकाळ घेतली. आमच्यापैकी एकीने प्रथमच सांगून टाकले की रविवारपर्यंत कबर उघडायची नाही, आणि त्या एका नियमाने निम्मी आवडती गीते बाद झाली. मग उरलेल्यांत एक गीत असे शोधले की त्याचे एक कडवे पहिल्या उद्गारानंतर गावे, एक मध्ये, एक शेवटी. यात लहान मुलांची सोय होते. तिसऱ्यांदा ती पुस्तकात न पाहता गातात. मातेला योहानाच्या हवाली करण्याच्या उद्गाराला ओवीच्या चालीचे गीत घेतले. चौथ्या उद्गारापाशी वाद झाला. काहींचे म्हणणे, तेथे गीतच नको, स्तब्धता राहू द्यावी. काहींना भीती की मुले चुळबुळ करतील. अखेर तेथे पेटीवर शब्दांवाचून चाल वाजवावी असे ठरले. वाजविणाऱ्या मुलाला आम्ही चाल सावकाश घ्यायला सांगितले होते; त्याने आम्ही सांगितले त्याहूनही सावकाश घेतली.

किटेलसाहेबांच्या चरित्राकडे वळू. १८६० साली पॉलिन आइथ या बाईंशी त्यांचे लग्न झाले होते. म्हणजे कथामाले निघाले तेव्हा संसाराला दोन वर्षे झाली होती. आणखी दोन वर्षांनी, १८६४ त, पॉलिनबाई वारल्या. त्या काळच्या मिशनरी कुटुंबांच्या हकिकती वाचल्या की अशा ओळी पानोपान येतात, त्यामुळे वाचणारा त्यांवरून पुढे सरकतो. कुमठा, मंगळूर, धारवाड, मडिकेरी, कुठल्याही जुन्या मिशनच्या कबरस्तानात जावे आणि दगडांवरची वये वाचावीत. प्रभूच्या मरणाची व उठण्याची कथा गाण्याजोगी करून लोकांच्या हाती देणाऱ्या माणसावर ती कथा स्वतःच्या घरात म्हणण्याची पाळी दोन वर्षांत आली. ते काही काळ मायदेशी गेले. १८६७ साली पॉलिनबाईंची बहीण जुली हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते पुन्हा हिंदुस्थानात कामावर हजर झाले.

यानंतरचे त्यांचे आयुष्य बहुतेक ग्रंथांत गेले. शाळांसाठी जुन्या कन्नड काव्यांतील वेच्यांचा संग्रह त्यांनी केला. त्याच्याही नावात माला आहे. केशिराजाचे शब्दमणिदर्पण हे तेराव्या शतकातील व्याकरण त्यांनी १८७२ साली छापले. त्यानंतर नागवर्म्याचे छंदःशास्त्र, ज्याचा उल्लेख वर आलाच. हिंदू धर्मातील यज्ञाच्या कल्पनेवर व लिंगपूजेच्या उगमावरही त्यांनी लिहिले. त्यातील काही विधाने आज आम्हाला पटत नाहीत. ते आपल्या काळाचे मिशनरी होते आणि दुसऱ्यांच्या पूजेविषयी लिहिताना त्यांची लेखणी नेहमीच कनवाळू नव्हती. जो माणूस लोकांच्या गाण्यापुढे इतका नम्र झाला, तो त्यांच्या देवळापुढे तितका झाला नाही, असे आम्हाला वाटते. थोर माणसांच्या चरित्रात हेही लिहिलेले बरे.

मिशनने त्यांच्याकडे कन्नड-इंग्रजी कोशाचे काम सोपविले ते सत्तरीच्या दशकाच्या आरंभी. वीस वर्षे हे काम चालले. मध्यंतरी प्रकृतीमुळे १८७७ त ते जर्मनीस गेले, तेथे लिहीत राहिले. पण कोश घरात बसून पुरा होत नाही हे त्यांना कळून चुकले आणि पन्नाशी ओलांडल्यावर, १८८३ साली, शब्द विचारून खात्री करण्यासाठी ते पुन्हा हिंदुस्थानात आले. पंडितांना विचारले, खेडुतांना विचारले. तरुणपणी ज्या पायी फिरण्याबद्दल नापसंती पत्करली होती, त्याचे फळ या कोशात दिसते. त्यात काव्यातले शब्द आहेत तसे बाजारातले आहेत, आणि म्हणी तर जागोजाग.

मराठी वाचकाने हा कोश एकदा तरी हाती घ्यावा. शब्द मराठीतून कन्नडमध्ये आला असेल तर तेथे मराठीची खूण केलेली असते. आणि काही शब्दांपुढे आणखी एक संक्षिप्त खूण दिसते. तिचा अर्थ, हा शब्द दक्षिण मराठा प्रदेशात वापरतात. म्हणजे आमच्याच या हुबळी-धारवाड-बेळगाव भागातला. आम्ही घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी माणसे कुठल्या शब्दाला कुठल्या भाषेचा म्हणावे याचा पुष्कळदा गोंधळ करतो. शंभरावर वर्षांपूर्वी एका पाळकाच्या मुलाने तो गोंधळ शब्दाशब्दाने निवडून ठेवला आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाचे आपल्यावर जे उपकार, तेच किटेलसाहेबांचे कन्नडवर.

१८९२ साली ते कायमचे मायदेशी गेले. १८९४ साली मंगळुरास बासेल मिशनने कोश छापून प्रसिद्ध केला: सतराशेंवर पाने, सुमारे सत्तर हजार शब्द. १८९६ साली ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. मद्रास विद्यापीठाने १९६८ पासून पुढे या कोशाची वाढविलेली आवृत्ती चार खंडांत काढली, इतका तो पुढच्या पिढ्यांनाही लागला.

कथामालेचे तसे झाले नाही. कोश मोठा झाला आणि त्याच्या सावलीत ते लहान पुस्तक झाकले गेले. खुद्द ख्रिस्ती घरांतही किटेल म्हणजे कोश हेच समीकरण आहे. पण कामाचा क्रम पाहावा. आधी गाणे, मग छंद, मग व्याकरण, मग शब्द. आधी त्यांनी लोकांना कथा गाऊन सांगण्याचा प्रयत्न केला, आणि नीट सांगता यावी म्हणून लोकांचे वृत्त, वृत्तासाठी व्याकरण आणि शेवटी एकेक शब्द असे ते खोल उतरत गेले, असे आम्ही समजतो. कोशकार उतारवयात कविता करू लागल्याची उदाहरणे सापडतात. हे उलटे आहे.

ट्युबिंगेनमध्ये त्यांनी अखेरची वर्षे कन्नड व्याकरण लिहिण्यात घालविली. येथून हजारो मैलांवर, जेथे कन्नड बोलणारे कुणी नाही अशा गावी, वयाच्या सत्तरीत. ते व्याकरण १९०३ साली छापून बाहेर पडले. त्याच वर्षी डिसेंबरात, नाताळ आठवड्यावर आला असताना, त्यांचे देहावसान झाले, आणि ट्युबिंगेनच्याच कबरस्तानात त्यांना पुरण्यात आले.